चौथ्या खाचरात अडलेला पिक्चर

वयनी, परवा वाल उपटायला घेतले. दव असतानाच उपटावे लागतात, ऊन चढलं की शेंगा तडकतात, म्हणून तांबडं फुटायच्या सुमारास टोळीतल्या सगळ्याजणी शेतावर हजर. धुकं इतकं की हायवेवरच्या गाड्यांचा आवाज यायचा, पण गाडी दिसायची नाही. प्रत्येकीने आपापली पात, उपटायची ओळ, धरली आणि मधे एक पात तशीच राहिली. तुझी. सुगंधाने डावीकडून हात घातला, मी उजवीकडून, आणि तुझी पात आम्ही वाटून ओढत निघालो. निम्म्यावर आल्यावर तुझी चुलत सून रेश्मा हळूच म्हणाली, "वयनी पिक्चरला गेली का अशीच वडायचो ना आपण." सुगंधा नुसतं "व्हय" म्हणाली. तुला जाऊन तेव्हा एकवीस दिवस झाले होते.

मी तुझी धाकटी जाऊ. लग्न होऊन गडबजवळच्या या आपल्या गावात आले तेव्हा मॅट्रिक झालेली होते, पायात चपला होत्या आणि नाकावर राग होता. तुला मी "तुम्ही" म्हणायचे. पहिल्याच लावणीत तू मला सांगितलंस, "चिखलात तुमी-बिमी चालत नाय गो शोभे, पाय रुततो." त्या दिवसापासून तू माझी वयनी झालीस. तशी तू साऱ्या गावाचीच वयनी होतीस, तुझं खरं नाव दवाखान्याच्या कागदावर वाचलं तेव्हा माझं मलाच ते परकं वाटलं.

आपली बारा जणींची टोळी होती. आज हिच्या शेतावर लावणी, उद्या तिच्या. आणि या टोळीची एक रीत होती, ती मी दुसऱ्या कुठल्या गावात ऐकली नाही. महिन्याकाठी एकीने पेणला जाऊन पिक्चर बघून यायचा. सगळ्याजणी जाणं शक्यच नव्हतं. कुणाची सासू आडवी, कुणाची गाय व्यायला आलेली, कुणाचं पोर तापलेलं. म्हणून एकीने बघायचा आणि दुसऱ्या दिवशी काम करता करता बाकीच्यांना सांगायचा. ती जाईल त्या दिवसाची तिची पात बाकीच्यांनी ओढायची. पहिले काही महिने पाळी लावून पाहिली, पण तुझ्यासारखं सांगणं कुणाला जमेना. मग तूच कायमची ठरलीस. बाईमाणूस एकटं पाठवायचं नाही म्हणून जोडीला मी, कारण मला एसटीच्या पाट्या वाचता यायच्या आणि कंडक्टरला उलटं बोलता यायचं. माझं काम एवढंच, की तुझ्या बाजूला बसायचं.

पिक्चर आपण खाचरांवर मोजायचो. एक खाचर लावून होईपर्यंत संपला तर एका खाचराचा. चांगला असला तर दोन, अडीच. एका पिक्चरने तू सुगंधाची तीन खाचरं लावून काढलीस आणि उरलेला दुसऱ्या दिवशी माझ्या शेतात सांगितलास. सांगणं चालू असताना कुणी कंबर सरळ करायची नाही, मधे तोंड घालायचं नाही, जे काय विचारायचं ते बांधावर गेल्यावर, असा कायदाच होता. गाणी तू गाळायचीस. मारामारी एका वाक्यात उरकायचीस, "मंग त्यांनी एकमेकाला बडवला." पण सासू दारात कशी उभी राहिली, तिने पदर कुठल्या खांद्यावर घेतला, सुनेच्या हातातलं भांडं घासायचं होतं का घासलेलं, हे सगळं तू इतकं बारीक सांगायचीस की मी स्वतः तो पिक्चर बघून आलेली असूनही कान टवकारून ऐकायचे. परतीच्या एसटीत तुझे ओठ हलत असायचे. पिक्चर लावून ठेवतेय, म्हणायचीस.

टीव्ही आला, केबल आली, पोरांच्या हातात मोबाईल आले. पडदा घरोघरी झाला. तरी लावणीला बाया म्हणायच्याच, वयनी, बघून ये. तूही नव्याला नावं ठेवणारी नव्हतीस, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. पहिल्यांदा तो मोठा आवाज, ती आकाशातून उतरणारी माणसं पाहिली तेव्हा तू पोरीसारखी हरखली होतीस आणि त्याची दोन खाचरं झाली होती. मग तोच पिक्चर पुन्हा आला, वेगळ्या नावाने. मग पुन्हा. जमीन फाटायची, धूळ उडायची, धुळीतून एक माणूस सावकाश चालत यायचा, मागे छातीत धडधडणारं संगीत. दर दहा मिनिटांनी तो असाच चालत यायचा. परतीच्या मिनीडोर रिक्षात तुझे ओठ हलेनासे झाले. एकदा गडबच्या फाट्यावर उतरता उतरता तू मला विचारलंस, "शोभे, त्याची आवस मेली का जगली?"

"आई? मेली वाटतं."

"कवा?"

मला सांगता येईना. तुलाही आठवेना. आपण दोघी फाट्यावर उभ्या राहिलो, तीन तास एका बाईकडे बघून आलो होतो आणि ती मेली का जिवंत आहे हे दोघींपैकी एकीलाही ठाऊक नव्हतं. तेव्हा आपण हसलो.

दुसऱ्या दिवशी खाचरात तू सुरुवात केलीस. "एक माणूस असतो. लय ताकदीचा. त्याला कोन मारू शकत नाय." आणि थांबलीस. आम्ही आवण, भाताची रोपं, रोवत होतो. पाच पावलं मागे सरलो, दहा सरलो. शेवटी सुगंधाने कायदा मोडला. "मंग?"

"मंग काय," तू म्हणालीस, "नायच मारू शकत."

सगळ्या खो-खो हसल्या. पण हसून झाल्यावर अजून निम्मं खाचर बाकी होतं आणि सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या खाचरातली शांतता मला अजून आठवते. बोटं चिखलात जायची तो आवाज, पाणी हलायचं तो आवाज. बारा बायका इतक्या जवळजवळ आणि कुणाचा श्वास ऐकू येत नव्हता. बांधावर पोचल्यावर तू म्हणालीस, "बांदापत्तुर पुरला नाय गो." नंतरची दोन-तीन वर्षं तू प्रत्येक पिक्चरबद्दल हेच म्हणत राहिलीस.

आता ज्या गोष्टीची मला भीती वाटते ती लिहिते. पेणच्या थेटरात एकदा तू खुर्चीत उलटी फिरलीस. पडद्याकडे पाठ केलीस आणि गुडघे खुर्चीवर घेऊन मागे बघत बसलीस. मी तुझा पदर ओढला, लोक काय म्हणतील म्हणून. "बग तरी," तू म्हणालीस. म्हणून मीही फिरले.

तीस-चाळीस माणसं होती. एकमेकांपासून दोन-तीन खुर्च्या सोडून बसलेली. पडद्यावर कसलीशी इमारत कोसळत होती, तिच्या उजेडात सगळ्यांचे चेहरे एकदम निळे व्हायचे, एकदम तांबडे व्हायचे. कुणी हलत नव्हतं. कुणी दचकत नव्हतं. काहींच्या हनुवटीखाली मोबाईल पेटलेला, काहींचा मक्याच्या लाह्यांचा हात तोंडापर्यंत जाऊन तिथेच थांबलेला. एकेकाळी याच थेटरात मागच्या रांगेतली अनोळखी बाई माझ्या पदराला डोळे पुसून गेली होती, खलनायकाला लोक नावानिशी शिव्या घालायचे. आणि आता हे. वयनी, आपण दोन म्हाताऱ्या उलट्या तोंडाने त्यांच्याकडे बघत बसलो होतो, चांगली पाच-दहा मिनिटं, आणि त्या सगळ्यांची तोंडं आपल्याच दिशेला होती. एकालाही आपण दिसलो नाही.

बाहेर पडताना तू दरवाज्याशी उभी राहिलीस आणि येईल त्याला विचारायला लागलीस, "शेवटाला काय झाला वो?" कुणी म्हणालं, भारी होता. कुणी म्हणालं, ठीक. एकाने सांगितलं, पुढचा भाग येणार आहे. एक तरणा मुलगा मात्र थांबला. बायको बरोबर होती, गडी चांगल्या घरचा दिसत होता, म्हाताऱ्या बाईने विचारलंय तर सांगावं म्हणून तो खरोखर आठवायला लागला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. आधी हसू होतं, मग ते गेलं, मग कपाळावर आठी आली. त्याने बायकोकडे बघितलं, तिने मान हलवली. घरातून कुलूप लावून निघालो का नाही हे आठवत नाही तेव्हा माणूस घाबरतो, तसा तो घाबरला. मग उगाच हसला आणि बायकोचा हात धरून भराभरा निघून गेला. तू त्याच्या पाठीकडे बघत राहिलीस.

त्यानंतरच्या वर्षी रोह्याला लागून असलेल्या वरश्याला माझ्या लेकीकडे आपण चार दिवस राहायला गेलो. जावई कंपनीत, त्याची दुपारची शिफ्ट, लेक शिवणकामात, म्हणून आपण दोघी रोह्याला पिक्चरला गेलो. तोच धुळीतला माणूस. मी समोसा खाल्ला, पिक्चर बघितला, सुटल्यावर आपण चालत घरी आलो. तुझे ओठ हलत होते. किती वर्षांनी. मला बरं वाटलं, पण आश्चर्यही वाटलं, की या पिक्चरात लावून ठेवण्यासारखं हिला काय सापडलं.

आठवड्याने रेश्माच्या खाचरात तू सुरुवात केलीस. "एक बाई असते. खाडीकडंच्या गावची. बाजारातनं घरी येते."

मला वाटलं, सुरुवातीला माझा डोळा लागला असेल.

ती बाई डोक्यावर पाटी घेऊन अंगणात येते, तर दार उघडं असतं आणि आत चुलीपुढे एक बाई पाठमोरी बसून भाकऱ्या थापत असते. हिचीच साडी नेसलेली. सासू त्या बाईला हिच्या नावाने हाक मारते. पोरं तिच्या हातून जेवतात. ही दारात उभी. आत जायला पाय उचलत नाही. म्हणून पडवीत बसते, कुणीतरी बाहेर येईल, बघेल, ओळखेल. नवरा शेतावरून येतो, पाय धुतो, हिच्याकडे बघतो, कोण अनोळखी बाई सावलीला बसलीय एवढंच त्याच्या तोंडावर असतं, आणि आत जातो. ही म्हणते, उद्या ओळखतील. दुसऱ्या दिवशी आतली बाई हिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवते, पण मान खाली घालून, तोंड दिसू देत नाही. मग ही पडवीत बसून बसून अंगण झाडायला लागते, लाकडं फोडून ठेवते. घरच्यांना वाटतं, आतलीनेच केलं.

रेश्माचं खाचर संपलं. दुसऱ्या दिवशी दुसरं संपलं. तिसऱ्या दिवशी बारा जणी पाऊस झोडपत असताना कंबरेत वाकलेल्या आणि एकीनेही घोंगडी सारखी केली नाही. तिसऱ्या खाचराच्या बांधावर तू सोडलंस ते अशा ठिकाणी, की भर दुपारी दार करकरतं, आतली बाई बाहेर येते, आणि आता पहिल्यांदा मान वर करणार. "तोंड उद्या बगू," तू म्हणालीस. बाया तुला मारायला उठल्या.

आणि मी आतून जळत होते. माझा स्वभाव तुला माहीत होता. बावीस वर्षं अंगणवाडीत पोरांची वजनं केली, काटा जे दाखवेल तेच लिहिलं, सुपरवायझर बाईंनी सांगितलं तरी दोनशे ग्रॅम वाढवून लिहिलं नाही. रोह्याच्या त्या पिक्चरात खाडी नव्हती, पडवी नव्हती, असली बाई नव्हती. त्या संध्याकाळी घराकडे येताना मी तुला गाठलं. "वयनी, असा पिक्चर नव्हता."

"व्हता."

"मी बाजूला बसले होते."

"तू डोळे उघडे ठेवून निजलीवतीस," तू शांतपणे म्हणालीस. "आता सगलीच तशी निजतात. तुला काय वाटला, त्या पेणच्या लोकांना?"

त्या चाळीस जणांत तू मला बसवलंस, याचा मला संताप आला. दुसऱ्या दिवशी चौथ्या खाचरात तू तोंड उघडलंस, "मंग ती मान वर करते," आणि मी सगळ्यांदेखत बोलले. खोटं आहे हे. असा पिक्चरच नाही. वयनी मनचं सांगतेय, मी साक्षीदार आहे.

तू कंबर सरळ केलीस. इतक्या वर्षांत सांगणं चालू असताना कुणी पहिल्यांदा उभं राहिलं. हातातल्या आवणातून चिखलाचं पाणी गळत होतं. तुझा आवाज चढला नाही. "मंग तू सांग. काय व्हता?"

दहा पाठी वाकलेल्याच होत्या, ऐकायला तयार. मी तोंड उघडलं. मला समोसा आठवत होता, खुर्चीच्या हाताचं फाटलेलं रेक्झिन आठवत होतं, पुढच्या माणसाच्या डोक्यावरचा भोवरा आठवत होता. पिक्चर आठवत नव्हता. एक माणूस होता. त्याचं नाव? तो कुणाशी भांडत होता? कशासाठी? मी शोधत गेले आणि जिथे काहीतरी असायला हवं होतं तिथे धूळ होती. पेणच्या दारातला तो तरणा मुलगा मला त्या क्षणी कळला. "मारामारी होती," मी म्हणाले. माझा आवाज माझ्याच कानाला लहान पोरासारखा लागला.

तू परत वाकलीस आणि आपली पात पुरी केलीस. पुढे काही सांगितलं नाहीस, त्या दिवशी नाही आणि पुढच्या दोन लावण्यांतही नाही. पिक्चरला जा म्हटलं की म्हणायचीस, दुसरी कोन जात आसंल तर जाऊ दे. कुणीच गेलं नाही. बायका मोबाईलवर गाणी लावून काम करायला लागल्या. तू माझ्याशी बोलणं टाकलं नाहीस, भाजीची वाटी येत राहिली, माझ्या गुडघ्याला तेल तूच चोळलंस. त्यामुळे माफी मागायची वेळ कधी आलीच नाही असं मी स्वतःला सांगत राहिले. खरं कारण वेगळं आहे. मी बरोबर होते ना. बरोबर असलेल्या माणसाने माफी कशाची मागायची, या एका ताठ्यापायी मी तीन वर्षं घालवली.

मग तुझं ते पोटाचं दुखणं आणि पेणचा दवाखाना. पुन्हा जोडीला मीच. तुझी खाट भिंतीसमोर होती, कोरी पोपटी भिंत, वर एक खिळा. शेवटच्या आठवड्यात दुपारी तू त्या भिंतीकडे बघत पडायचीस. मी आधी लक्ष दिलं नाही. मग बघितलं तर तुझे डोळे फिरत होते. डावीकडून उजवीकडे सावकाश जायचे, थांबायचे, परत यायचे. एकदा तू हसलीस. एकदा डोळ्यांतून पाणी आलं आणि तू ते पुसलंस, थेटरात पुसायचीस तसंच, हाताच्या मागच्या बाजूने, मान न हलवता. सिस्टर म्हणाली, औषधाने होतं असं. असेल. पण मी ते डोळे ओळखत होते. तीस वर्षं त्यांच्या बाजूला बसले होते.

"शोभे," तू म्हणालीस, "तुला दिसत नाय?"

भिंत होती, वयनी. भिंत आणि खिळा. काट्यावर जे दिसेल ते लिहिणारी मी. "दिसतंय," मी म्हणाले.

"काय नेसलीय ती?"

माझ्या तोंडून आलं, "हिरवं."

तू भिंतीवरची नजर काढून माझ्याकडे बघितलंस. खूप वेळ. मला वाटलं, पकडली गेले. मग तू म्हणालीस, "व्हय. हिरवाच." आणि माझा हात धरून परत बघायला लागलीस. ते "व्हय" तू माझ्यासाठी म्हणालीस का, की खरंच हिरवं होतं, हे मी विचारलं नाही. दोन दिवसांनी सकाळी मी खाली चहा आणायला गेले आणि वर येईपर्यंत तू गेली होतीस. तुझे डोळे उघडे होते. मिटायला हात नेला तेव्हा मी एकदा मागे वळून भिंतीकडे बघितलं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

काल पुन्हा वालावर गेलो. धुकं परवापेक्षा दाट. शेजारच्या पातीवरची बाईसुद्धा नुसती वाकलेली सावली दिसत होती. मधेच धुक्यातून सुगंधाचा आवाज आला. "शोभे, दार उगडून ती भायेर येते. मान वर करते. मंग काय व्हता?"

मी म्हणाले, मला काय माहीत. तो पिक्चर नव्हताच, तेव्हाच सांगितलं होतं.

"ते आमाला पयल्या दिवशीच म्हायती व्हता," सुगंधा म्हणाली.

माझे हात थांबले. मग रेश्मा बोलली. रोह्याचा तो पिक्चर तिच्या पोराकडे मोबाईलवर आधीच आला होता. तिने बघायला घेतला आणि अर्ध्यात सोडला. तू सांगायला लागलीस त्याच दुपारी, त्यात असली बाई नाही, हे तिने तुझ्यादेखत सगळ्यांना सांगितलं होतं, मला सोडून.

"मग बोललात का नाही कुणी?"

"कशाला बोलायचा?" सुगंधा म्हणाली. "ऐकत व्हतो ना आमी."

वयनी, चौथ्या खाचरात मी ज्यांच्यासाठी खोटं उघडं पाडलं त्या सगळ्यांना ते माहीत होतं. आणि तुला माहीत होतं की त्यांना माहीत आहे. त्या शेतात काय चाललंय हे न कळलेली एकटी मी होते, आणि मीच साक्षीदार म्हणून पुढे झाले. मला तिथे वाकल्या जागी रडू आलं. कुणी कंबर सरळ केली नाही, कुणी समजूत घातली नाही. थोड्या वेळाने सुगंधाच म्हणाली, "जोडीला तू व्हतीस. शेवटापत्तुर. आता तू सांग."

मी नाक पुसलं, एक झुडूप उपटलं, मुळाची माती झटकली आणि म्हणाले, "मग ती मान वर करते."

पुढचं माझ्याकडे काहीच नव्हतं. खरंच नव्हतं. मी पुढचं झुडूप धरलं आणि मला ती दिसली. तिचं तोंड फार दमलेलं होतं. बाहेरचीपेक्षा जास्त दमलेलं. ती पडवीतल्या बाईला म्हणते, किती वेळ बसून राहिलीस, मी रोज वाट बघत होते तू आत कधी येतेस याची. आता जरा तू थाप, मी टेकते. आणि ती पडवीत बसते, भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून. बाहेरची आत जाते. चुलीतली लाकडं तिचीच फोडलेली. परातीत पीठ मळून ठेवलेलं, त्यावर बोटांचे ठसे, त्यात हिची बोटं बरोब्बर बसतात. सासू हाक मारते, त्याच नावाने. ही "ओ" देते. सासू काही मान वळवून बघत नाही. पोरं पाटावर येऊन बसतात, भाकरी मागतात, कुणाला काही वेगळं वाटत नाही. पहिली भाकरी तव्यावर टाकून ही उठते, दाराशी येते, बाहेर टेकलेल्या आतलीला पाणी द्यावं म्हणून. पडवी रिकामी असते. झाडून घेतलेली असते.

मी थांबले तेव्हा पायाखाली बांध लागला होता. सगळ्या एकेक करून बांधावर आल्या. धुकं तसंच होतं. सुगंधाने विचारलं, "ह्या तुला वयनीने सांगितला दवाखान्यात, का तूच जुलवलास?"

मी जुळवलं, असं सांगायला तोंड उघडलं. तेच खरं होतं, तेच लिहायला हवं होतं. पण ते माझ्या तोंडून निघेना, कारण तिच्या कपाळावरचा घाम मी पाहिला होता, परातीतले ठसे पाहिले होते, आणि जे पाहिलं ते पाहिलं नाही असं मी आयुष्यात कधी म्हटलेलं नाही.

"मी बघितला," मी म्हणाले. "पडद्यावर."

कुणी हसलं नाही. सुगंधाने मान हलवली आणि पुढची पात धरली.

तेव्हा तू खोटं बोलत नव्हतीस, वयनी. माझं चुकलं.